बाहेर काढलेली चाकं

माझ्या भावाला रस्त्यात माणसं दिसत नाहीत, चाकं दिसतात. सख्खा मामा समोरून हात करत आला तरी ह्याचं लक्ष मामाच्या मागं उभ्या असलेल्या गाडीकडं. घरी येऊन सांगणार काय, तर अमक्याच्या गाडीला काय मॅगव्हील हायत राव. मॅगव्हील म्हणजे कंपनीची साधी चाकं काढून त्या जागी बसवतात ती मोठ्या मापाची, चकचकीत अलॉयची चाकं. त्याच्या फोनमध्ये पोरांचे फोटो कमी आणि चाकांचे जास्त. मी कधी काही म्हटलं नाही. कुणाला दारूचा नाद असतो, कुणाला पत्त्यांचा, आमच्या ह्याला चाकांचा.

आम्ही तीन भावंडं. मी थोरली, मधला हा, आणि सगळ्यात शेवटी बारकी. बारकी शाळेत असताना आई गेली. वडील आधीच गेलेले. मी तेव्हा सासरी, उदगीरला. पुढं नवऱ्याचा मार खायचा मला कंटाळा आला आणि मी पिशवी उचलून नांदेडला निघून आले. लोक म्हणतात, त्यानं टाकली. टाकली तर टाकली, कुणाकुणाच्या तोंडाला हात लावणार. तेव्हापासून मी भावाच्या घरात आहे. सकाळी सगळ्यांच्या भाकरी थापते आणि मग दिवसभर एका मेडिकलच्या काउंटरवर गोळ्या विकते. बारकीच्या वेण्या मी घातल्या, तिचा डबा मी भरला, तिची बारावी मी तिच्यासोबत जागून काढली. कॉलेजात एक पोरगं तिच्या मागं लागलं होतं, त्याच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर त्याला झाडलं तेही मीच. उपकार म्हणून सांगत नाही. पुढं काय झालं ते कळावं म्हणून सांगून राहिले.

बारकीला लातूरचं स्थळ आलं. पोरगा एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवतो, बोलायला गोड, दिसायला बरा. तो बघायला आला तो स्वतःच्या गाडीतून. त्या गाडीला काळी, सतरा इंची चाकं, मडगार्डच्या बाहेर बोटभर डोकावणारी. आमच्या दारात त्याची गाडी आमच्या गाडीशेजारी लागली. घरात बारकी चहाचा ट्रे धरून उभी आणि आमचा हा खिडकीतून बाहेर बघून राहिला. पाव्हणे गेले. सगळे पोराबद्दल बोलायला लागले, नोकरी कशी, आई कशी, घर कसं. हा म्हणतो, "त्याच्या गाडीपुढं आपली गाडी अनवाणी म्हातारीवाणी दिसायली होती." बहिणीचं आयुष्य ठरत होतं आणि ह्याला लाज वाटली ती चाकांची.

साखरपुडा लातूरला ठरला, हॉल त्यांनीच धरला. आमच्यात साखरपुड्याला विहीणभेट असते. पोराची आई आणि पोरीची आई सगळ्यांसमोर एकमेकींना हळदकुंकू लावतात, गळ्यात पडतात, मग पुढचं सगळं सुरू होतं. आमची आई तर नाही. भावजय म्हणाली, "माझी आई उभी राहील. वयानं मोठी हाय, शोभंल." तेव्हा बारकीनं समोरचं ताट सारलं. म्हणाली, "माझ्या आईच्या जागी आक्का. आक्का नसली तर मी जागची उठणार न्हाई."

मी चुलीकडं, म्हणजे गॅसकडं, तोंड करून भाकर थापत होते. तशीच राहिले. डोळे भरून आले होते आणि ते भावजयीला दाखवायची मला हौस नव्हती. भावजयीनं हळूच काढलं, की तसं काही नाही, पण आक्कांचं असं असताना लोक काय म्हणतील. मी म्हटलं, "माझा नवरा जिवंत हाय, उदगीरला दुसरी घेऊन बसलाय. कुंकवाला काही अडचण न्हाई."

त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. आईची अंजिरी इरकल पेटीतून काढली, सावलीत वाळवली, तिच्यावर ब्लाऊज शिवून घेतला. मेडिकलमध्ये गिऱ्हाईक खोकल्याचं औषध मागायचं आणि मी मनात त्या विहीणबाईला कुंकू लावून राहिलेली असायची. मला उभ्या जन्मात एकदाच कुणीतरी म्हणालं होतं की तू पुढं उभी राहा. ते मला पाहिजे होतं. लई पाहिजे होतं.

साखरपुड्याच्या आदल्या आठवड्यात माझी स्कूटी बंद पडली होती. भाऊ मला कामावर सोडायला निघाला आणि वाटेत देगलूर नाक्याजवळच्या एका चाकांच्या दुकानात घुसला. दुकानदार बापाच्या काळापासून टायरच्या धंद्यात. गालात सुपारी, आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून माल काढणारा. त्यानं दोन चाकं पालथी घालून आतल्या बाजूला कोरलेला आकडा दाखवला.

"सतरा इंच म्हणजे उंची, ते सगळ्यांना कळतं," तो म्हणाला. "खरी गोष्ट ही हाय. ह्याला ऑफसेट म्हणतात. आकडा मोठा तर चाक आत राहतं, आकडा बारीक तर चाक बाहेर येतं. तुमचं कंपनीचं पंचेचाळीस हाय. हे पस्तीसचं, जरा बाहेर येईल, बिनघोर चालवा. आन हे वीसचं. हे लई बाहेर. लूक एक नंबर, पण गाडी भरली आन मागून खाली बसली, तर टायर पत्र्याला घासंल."

"पोराकडच्या गाडीचं किती असंल?" भावानं विचारलं. पोराची गाडी वेगळी, तिचं माप वेगळं, त्याचा आपल्या गाडीशी काही संबंध नाही, हे तो दुकानदारही बोलला. पण भावाची नजर त्या वीसच्या चाकावरून हलेना. बोटभर बाहेर त्याचं, तर आपलं दोन बोटं पाहिजे, एवढंच त्याच्या डोक्यात.

"गाडीत किती लोकं बसतात तुमच्या?" दुकानदारानं विचारलं.

"कुठं कोण बसतंय? आम्ही चौघंच. त्यातली दोन लेकरं."

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर, डब्याची पिशवी धरून उभी होते. दुकानदारानं माझ्याकडं बघितलं. "आन ह्या?"

"ह्या आक्का. ह्यांची स्कूटी हाय."

इतकी वर्षं ज्या घरात भाकरी थापल्या त्या घराचं गणित मी देगलूर नाक्यावर ऐकलं. बारकी तर त्या गणितात नव्हतीच, तिचं लग्न ठरलं म्हणजे ती गेलीच धरायची. आणि मी कधी आलेच नव्हते. मी म्हटलं, "मला डिकीत धरा की, स्टेपनीशेजारी." दोघं हसले. त्यांना वाटलं, आक्का नेहमीसारखी टोमणा मारून राहिली. दुकानदार तर व्यापारी माणूस. त्यानं सुपारी ह्या गालातून त्या गालात नेली आणि वीसचा सेट गाडीपाशी काढायला लावला. मला धरून त्याला काय मिळणार होतं.

चाकं बसली. स्टेअरिंग ह्या टोकाला फिरवलं, त्या टोकाला फिरवलं, कुठं लागत नव्हतं. रिकाम्या गाडीला कशाला लागेल. आमच्याकडं गाडी रिकामी असते ती फक्त दुकानात आणि घराच्या दारात. एरवी निघाली की पाव्हण्याचा पाव्हणा मांडीवर घेऊन निघते. पण चाकं निवडताना सगळे रिकाम्या गाडीवरच निवडतात, कारण तेव्हाच ती फोटोत चांगली दिसते. भावानं तिथंच फोटो काढला आणि होणाऱ्या मेव्हण्याला पाठवला. त्याचा अंगठा आला तेव्हा ह्याचं तोंड असं झालं जसं बारकीचा साखरपुडा आत्ताच उरकला.

साखरपुड्याच्या सकाळी पाव्हणे मंडळी जीपनं पुढं गेली. आमच्या गाडीत भाऊ चालवायला. शेजारी भावजयीची आई, तिच्या मांडीवर नातू. बाई चांगली भरलेली, ज्वारीचं पोतं ठेवावं तशी सीटवर बसते आणि मग पट्टा तिला पुरत नाही. मागं एका कडेला भावजय, तिच्या मांडीवर पोरगी. मधे बारकी, निऱ्या सांभाळत, मेंदीचे हात वर धरून. आणि ह्या कडेला दाराशी मी, आईच्या इरकलीत. माझं वजन म्हणाल तर मेडिकलच्या काट्यावर मी उभी राहिले की मालक विचारतो, काटा बिघडला का काय. डिकीत पेढ्यांचे खोके, फळांच्या करंड्या, आहेराचे कपडे. झाकण लागेना म्हणून भावानं गुडघा लावून दाबलं.

विष्णुपुरी मागं पडली आणि पहिल्याच खड्ड्याला मागून आवाज आला, खर्रर्र. भाऊ म्हणाला, काही नाही, नवीन टायर हाय. दुसऱ्या खड्ड्याला पुन्हा. मग तर साधा उंचवटा आला तरी पत्रा टायरला चावायला लागला. लेकरांना मजा वाटली, ती प्रत्येक वेळी खर्रर्र म्हणून ओरडायची. लोह्याच्या अलीकडं जळक्या रबराचा वास सुटला आणि भावजयीनं नाकाला पदर लावला. लोह्याच्या स्टँडपाशी भावानं गाडी बाजूला घेतली.

खाली उतरून त्यानं मागच्या टायरला हात लावला आणि झटक्यात काढला. टायरची कड किसणीवर घासल्यासारखी निघाली होती. त्यानं दुकानदाराला फोन लावला. "मागचं वजन कमी करा, भाऊ," पलीकडून आलं. "मी सांगितलं होतं." भावानं फोन ठेवला.

वजन कमी करायला काय काय होतं ते बघा. पेढे होते. भावजय म्हणाली, पेढे तर लागणारच. फळं होती. फळं काढली तर रिकाम्या हातानं आले म्हणतील. भावजयीची आई होती. ती न विचारताच म्हणाली, "माझे गुडघे असे, बसमधी मला चढवत न्हाई." शिवाय ती पुढं बसलेली, आणि वजन तर मागचं कमी करायचं, हे तिनं बरोबर ऐकलं होतं. माझं नाव कुणी घेतलं नाही. फक्त भावानं गाडीच्या छतावर कोपर टेकवून माझ्या खिडकीत तोंड घातलं.

"आक्का, लोह्यातून लातूरला बसेस लई हायत. तुला धावपळीची सवय बी हाय."

"तुझ्या सासूचा एक पाय उतरव," मी म्हटलं, "मी उतरल्यापेक्षा जास्त फरक पडंल."

"आता शुभ कामाला निघताना असं बोलू नको, आक्का."

मी त्याच्याकडं नाही बघितलं. मी बारकीकडं बघितलं. तिच्या एका शब्दाचं काम होतं. नवरी ती, दिवस तिचा, ती म्हणाली असती आक्का इथंच बसणार, तर भावाची काय बिशाद होती. तिला हे ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. ती मेंदीकडं बघून राहिली होती, रंग चढला का काय ते बघत असल्यासारखी. मी वाट बघितली. बाहेर उसाचा एक ट्रॅक्टर गेला, त्याचं गाणं पुरतं विरेपर्यंत वाट बघितली. मग दाराचा खटका ओढला. आक्का नसली तर जागची उठणार न्हाई म्हणालेली पोरगी जराशी हलली, माझा पदर तिच्या मांडीखाली अडकला होता तो सुटावा म्हणून.

मी खाली उतरले. काच खाली झाली आणि मेंदीचा हात बाहेर आला.

"आक्का, तुझी पिशवी."

एवढंच बोलली ती. मी पिशवी घेतली.

स्टँडवर मी बसची वाट बघत होते तेव्हा भावाचा फोन आला. मला वाटलं, मन खात असेल त्याला. तो म्हणाला, "आक्का, आवाज तर येऊनच राहिला की गं." म्हणजे बघा, मी उतरून काही फरकच पडला नव्हता. पडणारच नव्हता. मी म्हटलं, "मग फीर मागं आन मला घे." तर म्हणाला, "आता लई पुढं आलो. मुहूर्त निघून जाईल." मी विचारलं, "मग मला उतरवलं कशाला?" त्यानं ऐकू येत नसल्यासारखं हॅलो हॅलो केलं आणि ठेवला. मला तेव्हा त्याचं गचुरं धरून त्याच घासक्या टायरला त्याचं नाक लावावंसं वाटलं. आजही वाटतं. रडू मात्र मला त्याच्यासाठी नाही आलं. काच वर करताना बारकीनं माझ्याकडं बघितलं नव्हतं, त्यासाठी आलं.

बस अहमदपूरपर्यंत उभ्यानं. एका बाईच्या कोंबडीच्या टोपलीला इरकलीचा काठ अडकून फाटला. पुढं बसायला जागा मिळाली, पण तोपर्यंत मला घाई उरली नव्हती.

हॉलवर पोचले तेव्हा विहीणभेट उरकली होती. भावजयीची आई समोरच्या रांगेत, कपाळभर कुंकू, हातात भेटीची साडी, गुडघे अगदी ठणठणीत. बारकी खुर्चीत, बोटात अंगठी, फोटोवाला सांगेल तिकडं मान वळवून हसत होती. मला बघून ती हसायची थांबली नाही. पोराची आई मात्र उठून माझ्याकडं आली. चांगली बाई. माझा हात धरून म्हणाली, "तुम्ही मोठ्या ताई न? बसनं आलात म्हणं. गाडीत मळमळायलंय म्हणं तुम्हाला."

ही मळमळ कुणी शोधून काढली ते मला विचारावं लागलं नाही. भावजय पदर सारखा करत होती, भाऊ बुटाकडं बघत होता. पोराच्या आईच्या खांद्यावरून बारकी माझ्याकडं बघून राहिली होती, आणि आता, पहिल्यांदा, तिच्या डोळ्यांत मला काहीतरी दिसलं. भीती. मी खरं बोलते का काय, ह्याची भीती. मी लेकरासारखी वाढवली तिला आणि ती मला भिऊन राहिली होती.

"हाव," मी म्हटलं. "मला गाडी सोसत न्हाई."

बारकीचे खांदे खाली आले. भावजय लगेच म्हणाली, "आक्का, जेवून घ्या, शेवटची पंगत उठायलीय." मी जेवले. जिलबी चांगली होती. बाहेर गाडीभोवती पोराचे मित्र जमले होते, आणि भाऊ त्यांना वाकून चाकं दाखवत होता. घासलेला टायर भिंतीकडं जाईल आणि कुणाला दिसणार नाही अशी त्यानं गाडी भिंतीला लावून उभी केली होती. परत येताना मी जीपमध्ये बसले, मला कुणी सांगायची वेळ आली नाही.

नंतर भावानं मेकॅनिककडून मडगार्डची आतली कड ठोकून चपटी करून घेतली. पस्तीसची चाकं घाला म्हणून मेकॅनिकनं सांगितलं होतं, पण मग ती बाहेर दिसली नसती. कड ठोकल्यावर घासणं बरंच कमी झालं. मागं दोघं असले तर लागत नाही, तिसरं माणूस बसलं की खड्ड्यात अजून लागतं, असा हिशेब त्यानं जेवताना सगळ्यांना समजावून सांगितला. मी भाजी वाढत होते. कुणी कुणाकडं बघितलं नाही.

बारकी त्यावर माझ्याशी काही बोलली नाही. घरात ती मला टाळायची, मी दिसले की फोन कानाला लावायची. लग्न जवळ आलं, तेही लातूरलाच. एका दुपारी ती मेडिकलवर आली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "डोकं दुखायलंय, आक्का. एक गोळी दे." मी गोळी दिली, पाण्याची बाटली दिली. गोळी घेऊनही ती उभीच. बोटातली अंगठी फिरवत होती. मला वाटलं, आता बोलेल. लोह्याचं बोलेल. चुकलं म्हणेल. म्हणाली असती तर मी तिथंच तिला जवळ घेतलं असतं, सगळं विसरले असते, एवढी मी येडी.

"आक्का," ती म्हणाली, "दादा विचारून राहिला होता. लग्नाला तू कशी येशील?"

"म्हणजे?"

"म्हणजे गाडीत बसणार असशील तर त्याला चाकं बदलावी लागतील न. ती पस्तीसची. आज दुकानदाराला सांगायचंय त्याला."

मी तिच्याकडं बघितलं. ह्या वेळी तिनं नजर खाली घातली नाही. वाट बघत होती, गिऱ्हाईक सुट्ट्या पैशांची बघतं तशी.

"मी बसनं येईन," मी म्हटलं.

"बरं."

जरासुद्धा थांबली नाही ती, लगेच बरं म्हणाली. मग तिथंच काउंटरवर कोपर टेकवून तिनं फोन लावला. "दादा," ती म्हणाली, आणि तिचा आवाज किती मोकळा झाला होता, "आक्का बसनं येऊन राहिली. चाकं राहू दे तीच."